भाड्याचे वर्ष दहा महिन्यांचे



एरवी मी आपल्याशी बोलतो ते बियाण्याविषयी, हुमणीविषयी, माती परीक्षणाविषयी. आजचा विषय वेगळा आहे. पण गेल्या काही वर्षांत बांधावर उभे राहून मला जितके प्रश्न विचारले गेले, त्यांत हा प्रश्न फार वेळा आला. शेतकरी पिकाची चौकशी करतो, चहा मागवतो आणि मग आवाज खाली आणून म्हणतो, "साहेब, मोबदल्याचे पैसे बँकेत पडून आहेत. तालुक्याला चार खोल्या बांधून भाड्याने टाकल्या तर कसं?"

प्रश्न साधा नाही. रस्त्यासाठी, धरणासाठी किंवा कारखान्यासाठी जमीन गेली की तिचे पैसे एकदाच मिळतात. जमीन दर हंगामाला काही तरी देत होती. हे पैसे तसे देत नाहीत, उलट दर महिन्याला थोडे थोडे झिजतात. आमच्या भागातून समृद्धी महामार्ग गेला. नागपूर ते मुंबई असा ७०१ किलोमीटरचा हा रस्ता. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा सुरू झाला आणि ५ जून २०२५ रोजी शेवटचा टप्पाही खुला झाला. त्या पैशाचे काय झाले ते मी घरोघरी पाहिले आहे. कोणी दुसरीकडे जमीन घेतली, कोणी मुलीचे लग्न थाटात केले, कोणाच्या अंगणात मोठी मोटारगाडी उभी राहिली आणि दोन वर्षांत तिच्या डिझेललाही पैसे उरले नाहीत. खोल्या बांधणारा माणूस या सगळ्यांत शहाणाच म्हणायचा, कारण त्याने निदान पैसा उभा तरी ठेवला. पण उभा ठेवलेला पैसा पीक देतोच असे नाही. म्हणून आज त्याचे पीक-अंदाजपत्रक मांडू.

या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार काय, असे आपण विचाराल. मी काही घरमालक नाही. मी भाडेकरू आहे! बी.एस्सी. (कृषी) होऊन नोकरीला लागलो त्याला आता जवळजवळ तीस वर्षे होतील. पंचायत समितीची नोकरी म्हणजे बदलीची नोकरी. ट्रंक, गॅसची शेगडी आणि पुस्तकांची दोन खोकी घेऊन आम्ही नवरा-बायको सात गावे फिरलो आणि सातही ठिकाणी भाड्याच्या घरात राहिलो. कोणते घर सहा महिन्यांत सोडले, कोणत्या घरात सहा वर्षे राहिलो आणि का, हे मला चांगले ठाऊक आहे. घरमालकाला ही बाजू सहसा कोणी सांगत नाही.

या सात घरांपैकी एका घराच्या मालकीणबाईंकडून मी जो हिशोब शिकलो, तो कोणत्याही पुस्तकात मला मिळाला नाही. बाई विधवा होत्या. शिक्षण चौथीपर्यंतचे. नवऱ्यामागे दीड एकर जिरायत आणि बाजारपेठेच्या गावात पाच खोल्या, एवढाच आधार. दोन मुलांची शिक्षणे त्यांनी या खोल्यांवर केली. एकदा भाडे देताना मी सहज म्हणालो, "काकू, वर्षाचे बारा महिने घरबसल्या उत्पन्न. शेतीपेक्षा बरे!" त्या म्हणाल्या, "बारा कुठले, भाऊ? भाड्याचं वर्ष दहा महिन्यांचं असतं. अकरावा महिना खोली रिकामी जाते आणि बारावा महिना घर मागून घेतं." त्यांच्या फडताळात दोन डबे होते. प्रत्येक भाड्यातले काही पैसे आधी या डब्यांत पडत आणि मग उरलेले घरखर्चाला जात. एक डबा रिकाम्या महिन्याचा, दुसरा दुरुस्तीचा. पावसाळ्याआधी त्या घराच्या सगळ्या पन्हाळी स्वतः साफ करून घेत. त्या घरात आम्ही सहा वर्षे राहिलो.

आता हा दहा महिन्यांचा हिशोब आकड्यांत मांडू. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत; आपल्या गावचे दर घालून आपण ते बदलावेत. समजा, गावाजवळची जागा आपलीच आहे. तिच्यावर संडास-मोरीसह चार खोल्या बांधायला १६ लाख रुपये लागले. भाडे दर खोलीला महिना ३,००० रुपये. बारा महिन्यांनी गुणले तर वर्षाचे १,४४,००० रुपये होतात, म्हणजे नऊ टक्के. गवंड्याच्या आणि दलालाच्या तोंडी हाच आकडा असतो. आता दहा महिन्यांनी गुणा. १,२०,००० रुपये झाले. त्यातून घरपट्टी, पाणीपट्टी, जिन्यातला दिवा, मोटारीची वीज यांचे वर्षाला १०,००० रुपये वजा करा. हाती राहिले १,१०,०००. म्हणजे टक्केवारी पावणेसातच्या जरा वर गेली. बँकेतल्या मुदत ठेवीचे व्याजही साधारण याच घरात असते आणि ठेवीची पन्हाळ साफ करावी लागत नाही. जागेची किंमत तर आपण यात धरलीच नाही.

याच बांधकामासाठी निम्मे म्हणजे ८ लाख रुपये दहा टक्के व्याजाने कर्ज काढले असते तर? पहिल्या वर्षाचे नुसते व्याज सुमारे ८०,००० रुपये. हातात उरले ३०,०००. मुद्दल अजून फेडायचेच आहे. ते फेडायला सोयाबीनचे किंवा उसाचे पैसे घालावे लागतील. म्हणजे खोल्यांनी शेतीला हातभार लावण्याऐवजी शेतीच खोल्यांना पोसत बसेल. म्हणून माझे पहिले सांगणे असे की कर्ज काढून भाड्याच्या खोल्या बांधू नयेत आणि पिकती, पाण्याखालची जमीन विकून तर मुळीच बांधू नयेत.

मग खोल्या बांधूच नयेत का? तसे नाही. ठेवीचे व्याज आहे तिथेच राहते. चांगल्या जागेचे भाडे दर दोन-तीन वर्षांनी वाढते. घरातला माणूस किरकोळ दुरुस्ती हाताने करू शकत असेल तर दुसऱ्या डब्यातले पैसे वाचतात. दुष्काळाच्या वर्षी भाडे करपत नाही. शिवाय बँकेतली ठेव मोडायला एक सही पुरते. भावकीच्या आग्रहाला आणि पाहुण्यांच्या उसनवारीला भिंती लवकर बळी पडत नाहीत. हा फायदा लहान नव्हे. फक्त तो दहा महिन्यांच्या हिशोबावर उभा राहिला पाहिजे.

दुसरी गोष्ट जागेची. आपण ऊस लावण्याआधी पाणी पाहतो, तसे खोल्या बांधण्याआधी भाडेकरू पाहावा. राहायला येणार कोण? ग्रामीण रुग्णालयाची परिचारिका, शाळेचे शिक्षक, बँकेचा कारकून, औद्योगिक वसाहतीतला कामगार की महाविद्यालयाची मुले? संध्याकाळच्या वेळी दोन-तीन दिवस त्या वस्तीत पायी फिरावे. "खोली भाड्याने देणे आहे" अशा पाट्या मोजाव्यात. पाट्या पुष्कळ दिसल्या तर पीक बाजारात आधीच मावेनासे झाले आहे असे समजावे. किराणा दुकानदाराला विचारावे. कोण भाडेकरू किती दिवस टिकतो हे त्याच्या उधारीच्या वहीत असते.

एकाच प्रकारच्या भाडेकरूवर सारी भिस्त ठेवू नये. एकच पीक सगळ्या रानात लावणाऱ्याचे जे होते, तेच इथे होते. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली, महाविद्यालये बंद झाली, मुले घरी गेली. ज्यांच्या साऱ्या खोल्या विद्यार्थ्यांवर होत्या त्यांना कित्येक महिने कुलूप पाहत बसावे लागले. ज्यांच्याकडे एक परिचारिका, एक शिक्षक, एक दुकानदार असे मिश्र पीक होते, त्यांचे निभावले.

रस्त्याकडेला गाळे काढणाऱ्यांना आणखी एक सांगावेसे वाटते. मोठा रस्ता शेजारून गेला म्हणजे गिऱ्हाईक दारात आले, असे होत नाही. समृद्धी महामार्गावर ठरावीक ठिकाणच्या मार्गिकांवरूनच चढता-उतरता येते. मधल्या शेतातून त्यावर पाऊल टाकता येत नाही. कुंपणाच्या या बाजूला बांधलेल्या गाळ्याला पलीकडच्या गाड्यांचा नुसता आवाज ऐकू येतो. गावाबाहेरून वळणरस्ता झाला की जुन्या रस्त्यावरची हॉटेले आणि गॅरेज ओस पडतात, हेही आपण पाहिले आहे. म्हणून गाळा बांधण्याआधी नव्या रस्त्याचा नकाशा पाहावा. महामार्गापासून किती अंतर सोडून बांधायचे याचेही नियम आहेत. ते न पाहता काढलेला गाळा पाडावा लागू शकतो.

जागेचे कागद हा तिसरा विषय. शेतजमिनीवर शेतीच्या उपयोगासाठी घर-गोठा बांधणे वेगळे आणि भाड्याच्या खोल्या काढणे वेगळे. भाडे ही शेती नव्हे. बिनशेती वापराचे नियम अलीकडे बरेच बदलले आहेत. म्हणून शेजाऱ्याने पाच वर्षांपूर्वी काय केले ते प्रमाण न धरता, तहसील कार्यालयात आजचा नियम विचारावा आणि बांधकामाची परवानगी लेखी घ्यावी. शेतीपंपाच्या जोडणीवरून खोल्यांना वीज देण्याचा मोह पुष्कळांना होतो. तो अनधिकृत वापर ठरतो आणि त्याचे बिल नंतर दंडासह येते. महावितरणकडून वेगळी जोडणी घ्यावी आणि जमल्यास प्रत्येक खोलीला स्वतंत्र मीटर. भाडेकरूशी होणारी निम्मी भांडणे विजेच्या बिलावरून होतात. मीटर वेगळा असला की ती होतच नाहीत.

बांधलेले घर किंवा भूखंड विकत घेत असाल तर विकणाऱ्याच्या बहिणींची नावे जरूर पाहावीत. २००५ साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती झाली आणि वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्माने मुलाइतकाच हक्क मिळाला. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, ९ सप्टेंबर २००५ रोजी वडील हयात असण्याचीही अट नाही. चार भावांच्या सह्या झाल्या आणि दोन बहिणींच्या राहिल्या, तर तो व्यवहार कोर्टाची पायरी चढण्याचा संभव मोठा. हाच न्याय आपल्या घरातही लावावा. मोबदला वडिलोपार्जित जमिनीचा असेल तर त्यातून उभ्या राहिलेल्या खोल्यांत बहिणीचा वाटा किती, हे पाया खोदण्याआधी बोलून, लिहून ठेवावे. राखी बांधणारा हात कोर्टात सही करताना पाहणे फार जड जाते. राहते घर विकत घेताना ते फक्त घरच्या लक्ष्मीच्या नावावर घेतले तर मुद्रांक शुल्कात एक टक्क्याची सवलत १ एप्रिल २०२१ पासून मिळते, तिचाही विचार करावा.

आता भाडेकरूच्या भीतीविषयी. जुनी माणसे म्हणतात, "भाडेकरू ठेवला की तो कूळ होऊन बसतो." या भीतीला इतिहास आहे. १९४८ चा कूळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ या कृषक दिनापासून पश्चिम महाराष्ट्रात कसणारी कुळे जमिनीची मालक होऊ लागली. मुंबईसारख्या शहरात १९४७ च्या भाडे कायद्याने जुनी भाडी गोठली आणि चाळमालकांनी दुरुस्तीवरून हात काढून घेतला. या दोन्ही गोष्टी लोकांच्या मनात एक झाल्या आहेत. पण कूळकायदा शेतजमिनीचा आहे, राहत्या खोलीचा नव्हे. आणि शहरी भागासाठी १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आला आहे. आज खोली देताना 'लिव्ह अँड लायसन्स' म्हणजे ठरावीक मुदतीसाठी वापरण्याची परवानगी, असा करार करतात. त्यात घराचा हक्क मालकाकडेच राहतो.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. "करार अकरा महिन्यांचा केला की नोंदणी लागत नाही," असे गावोगावी ऐकू येते. महाराष्ट्रात हे खरे नाही. या कायद्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणे असा करार लेखी असला पाहिजे आणि नोंदवला पाहिजे, मुदत कितीही असो. नोंदणी करण्याची जबाबदारी घरमालकावर आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, नोंदवलेला कागद नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते खरे धरले जाते, जोपर्यंत आपण उलट सिद्ध करत नाही. शंभराच्या स्टॅम्पवर लिहून पेटीत ठेवलेला कागद अशा वेळी उपयोगी पडत नाही. उलट, हा कायदा लागू असलेल्या शहरी हद्दीत राहण्यासाठी दिलेली खोली मुदत संपूनही सोडली नाही, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि त्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई मागता येते. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का असते. अनामत रकमेचाही त्यात थोडा हिशोब धरतात. नोंदणी फी ग्रामीण भागात पाचशे रुपये आणि शहरी भागात हजार रुपये. आधार क्रमांक आणि अंगठ्याचा ठसा यांवर ही नोंदणी आता घरबसल्या ऑनलाइनही होते. एका फवारणीच्या खर्चात काम होते म्हणा ना!

करारासोबत भाडेकरूच्या ओळखपत्राची प्रत घ्यावी आणि पोलीस ठाण्यात त्याची माहिती द्यावी. अनामत घेतली तर पावती द्यावी आणि ती रक्कम खर्च करू नये, कारण ती आपली नाही. भाडे बँकेतून घ्यावे किंवा वहीत सही घेऊन घ्यावे. खोली देताना भिंती, नळ, पंखा, कड्या यांची यादी दोघांच्या सहीने करावी, म्हणजे खोली सोडताना तोंडाला तोंड लागत नाही.

शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून भाड्यावरही नाही, असे समजू नये. भाडे हे घराचे उत्पन्न आहे. भरलेली घरपट्टी वजा करून जे उरते त्यातून तीस टक्के सूट दुरुस्तीपोटी सरसकट मिळते; उरलेली रक्कम आपल्या इतर उत्पन्नात धरली जाते. लहान भाड्यावर बहुधा कर लागत नाही, पण हिशोब ठेवावा. गाळ्यांचे भाडे मोठे असेल तर कर सल्लागाराला एकदा विचारावे.

शेवटी, भाडेकरू टिकतो कशाने? मी सात घरांचा अनुभव सांगतो. तो पाण्याने टिकतो, संडासाने टिकतो आणि मालकाच्या बोलण्याने टिकतो. फरशी चकचकीत आणि नळाला तीन दिवसांआड पाणी, अशी खोली आम्ही वर्षाच्या आत सोडली. साधी शहाबादी, पण टाकीत रोज पाणी, संडास स्वतंत्र, स्वयंपाकघराला खिडकी, तिथे आमचे बिऱ्हाड हललेच नाही. म्हणून सोळा लाखांतले पैसे फरशीवर उधळू नयेत. टाकी मोठी करावी, शोषखड्डा विहिरीपासून निदान पन्नास फूट दूर घ्यावा, स्लॅबला उतार आणि पन्हाळ नीट द्यावी. खोली देताना भाडेकरूची जात विचारू नये, पगार कुठे होतो ते विचारावे. जातीपायी चांगला माणूस नाकारणाऱ्या मालकाची खोली तीन-तीन महिने रिकामी पडलेली मी पाहिली आहे, आणि नाकारल्या गेलेल्या त्या सहकाऱ्याचा उतरलेला चेहराही पाहिला आहे. घर आपले असले तरी भाडेकरूच्या दारावर टकटक केल्याशिवाय आत जाऊ नये. सणाला पुरणपोळीचे ताट गेले नाही तरी चालते. दुसऱ्या मजल्यावर पाणी चढले की नाही हे मात्र विचारावे.

ज्यांच्या हातात आज असे पैसे आहेत, त्यांनी एवढे करावे. गवंडी बोलावण्याआधी घरातल्या सगळ्यांनी एका संध्याकाळी वही घेऊन बसावे. पती-पत्नी, म्हातारे आई-वडील, कळती मुले, आणि बहीण माहेरी आली असेल तर तिलाही बसवावे. खर्चाचा आकडा वर लिहावा. खाली मिळणारे भाडे लिहून त्याला दहाने गुणावे. पट्ट्या वजा कराव्यात. उरलेला आकडा बँकेच्या व्याजाशेजारी ठेवावा. तो आकडा सगळ्यांना मान्य झाला तर खुशाल कुदळ मारावी. नाही झाला तर पैसे आणखी सहा महिने बँकेत राहू द्यावेत. जमीन गेल्यावर इतके दिवस थांबलो, सहा महिन्यांनी काही बिघडत नाही.